आठ कोअर असूनही गेम एकाच कोअरवर का अडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही स्वतःच्या इंजिनवर सी प्लस प्लसमध्ये गेम लिहिला आहे. डेस्कटॉपवर तो आरामात सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो. कमी वीज खाणाऱ्या आठ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांच्या) चिपवर, म्हणजे आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-ए५३ चे आठ कोअर असलेल्या उपकरणावर, तोच गेम २५ फ्रेमवर येतो. एक कोअर पूर्ण भरलेला आणि बाकीचे जवळपास रिकामे दिसतात. म्हणून तुम्ही एआयला (पात्रांच्या निर्णयांना) एक आणि फिजिक्सला एक असे वेगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या वेगळ्या वाटा, दिल्या. त्यातून गेम २७ फ्रेमपर्यंत पोहोचला, पण अधूनमधून क्रॅश होऊ लागला, आणि तोही फक्त त्या उपकरणावर. आता ॲनिमेशन, पार्टिकल (धूर, ठिणग्या) आणि आवाज यांनाही एकेक थ्रेड द्यावा का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: त्या वाटेने पुढे जाऊ नका. रिकामे कोअर भरणं हे काम सोपं आहे, आणि ते भरूनही फ्रेम तितकीच लांब राहू शकते. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या एका फ्रेममध्ये एकामागून एक थांबत जाणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी किती मिलिसेकंदांची आहे. कोअर कितीही असोत, फ्रेम त्या साखळीपेक्षा लहान होत नाही. आणि तुमच्या चिपवर प्रत्येक कोअर हळू असल्यामुळे तीच साखळी डेस्कटॉपपेक्षा कितीतरी लांबते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. गेम खरोखर सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) अडतोय की जीपीयूवर (चित्र काढणाऱ्या प्रोसेसरवर), हे तपासलं नसेल तर पुढचं सगळं वाया जाईल. रेझोल्यूशन निम्मं करून पाहा. फ्रेम तितकीच राहिली तर बहुधा सीपीयूच अडवतोय. तुमचे सगळे कोअर एकसारखे आहेत, पण पुढच्या उपकरणावर चार मोठे आणि चार लहान असतील तर गणित बदलेल. गेमचा प्रकारही महत्त्वाचा आहे. शेकडो पात्रांचा रणनीतीचा खेळ आणि दोघांचा कुस्तीचा खेळ यांची साखळी वेगवेगळ्या ठिकाणी लांब असते. आणि लक्ष्य ३० फ्रेमचं आहे की ६० चं, म्हणजे हातात ३३.३ मिलिसेकंद आहेत की १६.७, यावर किती खोल उतरायचं ते ठरतं.

मुळात चिप बनवणारे आठ हळू कोअर का देतात? एक चांगला वेगवान कोअर का देत नाहीत? कारण विजेचं गणित तसं आहे. चिपमध्ये चालू कामावर खर्च होणारी वीज ढोबळमानाने धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि क्लॉक (ठोक्यांचा वेग) यांच्या गुणाकाराइतकी असते. क्लॉक वाढवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे वेग थोडा वाढला तरी वीज खूप वाढते. उलट क्लॉक निम्मं केलं आणि व्होल्टेज ८० टक्क्यांवर आणता आलं, तर एका कोअरची वीज सुमारे ३२ टक्क्यांवर येते. असे दोन कोअर मिळून कागदावर तितकंच काम ६४ टक्के विजेत करतात. २००५ च्या सुमारापर्यंत ट्रान्झिस्टर लहान झाले की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरायचं, म्हणून क्लॉक चढवत राहणं परवडायचं. ते थांबलं आणि सगळ्यांनीच कोअर वाढवायला सुरुवात केली.

गेमच्या जगात हा धक्का नवा नाही. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर होता आणि सोबत छोटे मदतनीस कोअर होते. त्या प्रत्येकाकडे फक्त २५६ किलोबाइटची स्वतःची मेमरी होती, आणि लागणारा डेटा प्रोग्रामरने स्वतः तिथे आणून द्यायचा. पुढे २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत एएमडीचे आठ जॅग्वार कोअर होते. ही मुळात कमी विजेच्या उपकरणांसाठी केलेली रचना, क्लॉक अनुक्रमे १.६ आणि १.७५ गिगाहर्ट्‌झ. सुरुवातीला त्यातले दोन कोअर सिस्टिमसाठी राखीव होते आणि गेमला सहाच मिळायचे. म्हणजे तुम्ही आज ज्या अडचणीत आहात, तीत मोठमोठे स्टुडिओ दहा वर्षांहून अधिक काळ आधी पडले होते. तेव्हा शोधलेली उत्तरं आजही लागू पडतात.

आता तुमच्याच आकड्यांकडे येऊ. थ्रेड वेगळे करण्याआधीची तुमची फ्रेम ४० मिलिसेकंदांची होती: गेमप्लेची स्क्रिप्ट ५, एआय ७, फिजिक्स ८, ॲनिमेशन ७, काय दिसतंय ते ठरवणं आणि पार्टिकल मिळून ५, आणि जीपीयूला ड्रॉ कॉल (चित्र काढण्याच्या आज्ञा) पाठवणं ८. समजा गेमला सहा कोअर हमखास मिळतात. ६० फ्रेम हव्या असतील तर अजिबात न वाटता येणारा भाग जास्तीत जास्त किती चालेल? न वाटता येणारा भाग अधिक उरलेल्याचा सहावा हिस्सा मिळून १६.७ च्या आत बसायला हवा. हिशेब केला तर उत्तर १२ मिलिसेकंद येतं. म्हणजे ४० पैकी किमान २८ मिलिसेकंदांचं काम सहा कोअरवर अगदी सारखं वाटता आलं पाहिजे. प्रत्यक्षात वाटणी कधीच सारखी होत नाही, म्हणून याहूनही थोडं जास्त. संगणक रचनाकार जीन ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. तो तोंडपाठ असतो अनेकांना, पण स्वतःच्या फ्रेमचे आकडे त्यात घालून पाहणारे मला फार कमी भेटले आहेत.

तुमच्या तीन थ्रेडचं काय झालं, तेही यावरून कळतं. एआयने ठरवल्याशिवाय पात्र हलत नाही, ते हलल्याशिवाय फिजिक्स धक्के मोजू शकत नाही, फिजिक्सचं उत्तर आल्याशिवाय ॲनिमेशनला पाय कुठे टेकवायचा ते कळत नाही, आणि ते झाल्याशिवाय चित्र पाठवता येत नाही. मेन थ्रेड फिजिक्सला इशारा देतो आणि तिथेच थांबून राहतो. थ्रेड तीन झाले, पण कोणत्याही क्षणी काम करणारा बहुतेक वेळा एकच. ४० चे ३७ झाले ते केवळ एआयचा थोडा भाग दुसऱ्या कशावर तरी सरकला म्हणून. शिवाय विभागवार थ्रेड करण्यात आणखी एक दोष आहे: विभाग जितके, तितकेच थ्रेड. उद्या बारा कोअरची चिप आली तरी तुमचा गेम तीनच वापरणार, आणि त्यातला सर्वांत जड विभाग सगळ्यांना अडवणार.

‘व्हिडिओ एन्कोडर किंवा कंपायलर सगळे कोअर सहज वापरतात, मग गेम का नाही?’ असंही तुम्ही लिहिलंय. कंपायलरला शंभर फाइली दिल्या तर त्या बहुतेक एकमेकींकडे बघतही नाहीत. वेब सर्व्हरकडे येणाऱ्या हजार मागण्या हजार वेगळ्या माणसांच्या असतात. गेममध्ये जग एकच आहे, आणि त्यातली कोणतीही वस्तू कोणत्याही दुसऱ्या वस्तूला हात लावू शकते. बाण दाराला लागतो, दार उघडतं, दारामागचा पहारेकरी वळतो, त्याच्या हातातल्या मशालीचा उजेड सरकतो. ही गुंतागुंत दर १६.७ मिलिसेकंदांनी नव्याने सोडवायची, आणि प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमच्या उत्तरावर उभी. एन्कोडरला एखादा तुकडा उशिरा मिळाला तर एकूण वेळ थोडा वाढतो, इतकंच. गेममध्ये एक तुकडा ४ मिलिसेकंद उशिरा आला तर खेळणाऱ्याच्या डोळ्यांना झटका बसतो.

मग वाटायचं कसं? गेली काही वर्षं मी एकाच रचनेवर येऊन थांबले आहे. प्रत्येक कोअरमागे एकच कामकरी थ्रेड, आणि फ्रेममधलं काम छोट्या छोट्या जॉबमध्ये मोडलेलं. ‘ॲनिमेशनचा थ्रेड’ असं काही उरतच नाही. २०० पात्रांची ॲनिमेशन असतील तर दहा-दहा पात्रांचे वीस जॉब होतात आणि जो कामकरी मोकळा असेल तो पुढचा जॉब उचलतो. जॉबमधली अवलंबित्वं साध्या मोजणीने सांभाळायची: हे वीस संपले की मोजणी शून्यावर येते आणि तिची वाट पाहणारं पुढचं काम सुरू होतं. नॉटी डॉग या गेम स्टुडिओने २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपली अशीच रचना उघडपणे मांडली होती. प्लेस्टेशन ४ च्या सहा कोअरवर सहा कामकरी थ्रेड आणि त्यांवर अदलाबदल करत चालणारे १६० फायबर, म्हणजे मध्येच थांबवून पुन्हा चालू करता येणाऱ्या हलक्या वाटा. फायबरमुळे एखाद्या जॉबला अर्ध्यात थांबावं लागलं तरी कोअर थांबत नाही. तो जॉब बाजूला ठेवून दुसरा हाती घेतो. तुम्हाला पहिल्या दिवशी फायबरची गरज नाही. वाट पाहणाऱ्या थ्रेडने झोपण्याऐवजी रांगेतला दुसरा जॉब करायचा, एवढा नियम पाळलात तरी बराच फायदा मिळतो.

जॉब किती मोठा असावा? माझ्या अनुभवात अशा हळू कोअरवर ५० ते ५०० मायक्रोसेकंदांचा जॉब चांगला बसतो. त्याहून फार लहान केला तर रांगेत टाकणं-काढणं यातच वेळ जातो. फार मोठा केला तर फ्रेमच्या शेवटी पाच कोअर मोकळे आणि एकटा सहावा शेवटचा जॉब रेटतोय, असं चित्र दिसतं. कोअर लहान-मोठे असतील तर हे आणखी महत्त्वाचं. आर्मने २०११ मध्ये लहान-मोठ्या कोअरची जोडी जाहीर केली, आणि आता ती रचना फोनमध्ये सर्रास आहे. इंटेलनेही २०२१ पासून आपल्या डेस्कटॉप चिपमध्ये दोन जातींचे कोअर दिले. अशा चिपवर काम सारखे आठ भाग करून वाटलंत तर सर्वांत हळू कोअर सगळ्यांचा वेग ठरवतो. तुकडे लहान असले की वेगवान कोअर आपोआप जास्त उचलतो.

इथपर्यंतची रचना कुणीही आठवड्याभरात लिहू शकतं. खरी मेहनत आहे डेटाच्या मालकीत, आणि तिथेच मी सर्वांत जास्त वेळ घालवते. कोणता जॉब काय वाचतो आणि काय लिहितो, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. मी वापरते तो नियम असा: एका टप्प्यात सगळ्यांनी मागच्या फ्रेमची स्थिती फक्त वाचायची, आणि प्रत्येकाने स्वतःच्या वाट्याचीच नवी स्थिती लिहायची. दुसऱ्या वस्तूत बदल हवा असेल तर हात घालायचा नाही. एक निरोप आपल्या थ्रेडच्या स्वतंत्र यादीत टाकायचा, आणि टप्पा संपल्यावर सगळ्या याद्या ठरलेल्या क्रमाने लागू करायच्या. बाण दाराला लागला तर दार उघडत नाही. ‘हे दार उघडा’ असा निरोप पडतो. यामुळे काही गोष्टी एक फ्रेम उशिरा घडतात. दार एक फ्रेम उशिरा उघडलं तर कुणाला कळत नाही. उडी एक फ्रेम उशिरा लागली तर हाताला जाणवतं. म्हणून खेळणाऱ्याच्या इनपुटची वाट मी नेहमी वेगळी आणि छोटी ठेवते.

निरोप लागू करण्याचा क्रम ठरलेला असावा, याला आणखी एक कारण आहे. दशांश संख्यांची बेरीज वेगळ्या क्रमाने केली की शेवटचे अंक बदलतात. जो थ्रेड आधी संपला त्याचं उत्तर आधी मिळवलं, तर तोच सामना दोनदा चालवून दोन निकाल येऊ शकतात. रिप्ले किंवा फक्त इनपुट पाठवणारा नेटवर्कचा खेळ असेल तर हे परवडत नाही.

डेटाबद्दल बोलतेच आहे तर कॅशबद्दलही, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीबद्दलही, सांगते. हळू चिपवर सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही. तो ६४ बाइटची एक अख्खी ओळ आणतो. एकदा मी पार्टिकलचे आठ थ्रेड केले आणि प्रत्येकाला ‘किती जिवंत आहेत’ हे मोजायला एकेक चार बाइटचा आकडा दिला. आठही आकडे एकाच ॲरेत, शेजारीशेजारी. प्रत्येक थ्रेड फक्त स्वतःच्याच आकड्याला हात लावत होता, लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) कुठेच नव्हता. तरीही आठ थ्रेड मिळून एका थ्रेडपेक्षा हळू चालत होते. आठही आकडे एकाच ६४ बाइटच्या ओळीत होते, आणि कुणीही लिहिलं की ती ओळ बाकी सगळ्यांच्या कॅशमधून बाद व्हायची. ती ओळ दिवसभर कोअर-कोअरमध्ये फिरत होती. मी मोजणी प्रत्येक थ्रेडच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये केली, शेवटी एकदाच बाहेर लिहिली, आणि अडचण संपली. दोन दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

तुमच्या चिपवर यात आणखी एक पेच आहे. ए५३ च्या एका गटात जास्तीत जास्त चार कोअर बसतात, म्हणून आठ कोअर म्हणजे दोन गट, आणि प्रत्येक गटाची दुसऱ्या पातळीची कॅश वेगळी. जॅग्वारमध्येही हेच होतं: चार-चार कोअरचे दोन गट आणि प्रत्येकी २ मेगाबाइट कॅश. एका गटाने लिहिलेलं दुसऱ्या गटाने वाचायचं तर प्रवास लांबचा पडतो. म्हणून एकाच डेटावर लागोपाठ चालणारे जॉब, जमलं तर, एकाच गटात ठेवावेत. मी कोअर नेमून देण्याच्या फंदात शक्यतो पडत नाही. कन्सोलवर ते चालतं. फोनसारख्या उपकरणावर सिस्टिमला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. पण जॉबच्या रांगा गटवार करता येतात.

ए५३ हा क्रमाने सूचना चालवणारा छोटा कोअर आहे. मेमरीतून डेटा यायला उशीर झाला आणि पुढच्या सूचनेला तो लागणार असला, तर तो तिथेच उभा राहतो. डेस्कटॉपचा कोअर तेवढ्यात पुढच्या शेकडो सूचना चाचपडून काही काम उरकून घेतो, त्यामुळे विस्कळीत डेटाची किंमत तिथे झाकली जाते. तुमचा गेम तिथे ६० ने चालतो त्याला हेही एक कारण असावं. तुमची प्रत्येक वस्तू ४०० बाइटची असेल आणि एखाद्या लूपला तिच्यातली फक्त जागा, म्हणजे १२ बाइट, हवी असेल, तरी प्रत्येक वस्तूमागे ६४ बाइटची ओळ ओढली जाते. सगळ्या जागा एका सलग ॲरेत ठेवा, मग एका ओळीत पाच वस्तू येतात. हा फायदा एका थ्रेडवरही मिळतो. आणि तो आधी मिळवावा लागतो, कारण मेमरीचा रस्ता सगळ्या कोअरना मिळून एकच असतो आणि त्यावर जीपीयूचीही गर्दी असते. विस्कळीत डेटावर चार कोअरनी तो रस्ता भरून टाकला, तर पाचवा-सहावा कोअर कामाला लावूनही काही हाती येत नाही.

आता तुमचे क्रॅश. ते फक्त त्या उपकरणावर होतात, डेस्कटॉपवर नाही, यावरून माझा संशय मेमरीच्या क्रमावर जातो. डेस्कटॉपचा एक्स८६ प्रोसेसर एका कोअरने केलेली लिखाणं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दाखवतो. तुमच्या चिपमधला आर्म प्रोसेसर तशी हमी देत नाही. तुम्ही आधी डेटा लिहिला आणि मग ‘तयार’ असं निशाण लावलं, तरी दुसऱ्या कोअरला निशाण आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. कोडमध्ये निशाणासाठी साधा बूल असेल किंवा व्होलाटाइल लावलेलं असेल, तर ती चूक आहे. सी प्लस प्लसमध्ये व्होलाटाइल हे थ्रेडमधल्या समन्वयासाठी नाही. त्या जागी ॲटॉमिक (थ्रेडमध्ये सुरक्षितपणे वाटून वापरता येणारं व्हेरिएबल) वापरा, क्रम पाळायला लिहिताना रिलीज आणि वाचताना ॲक्वायर. चूक खरं तर एक्स८६ वरही आहेच, तिथे ती दिसत नाही एवढंच. डेस्कटॉपवर थ्रेडसॅनिटायझर हे तपासणीचं साधन लावून गेम चालवा. तो हळू चालेल, पण दोन थ्रेड एकाच जागेवर विनासमन्वय कुठे भिडतात ते ओळ क्रमांकासह दाखवेल.

हे वाचून सगळीकडे लॉक घालावेसे वाटतील, पण थांबा. प्रत्येक वस्तूला म्युटेक्स (असा लॉक) लावला की क्रॅश थांबतात, आणि त्याबरोबर समांतर चालणंही थांबतं. लॉकसाठी खोळंबलेला थ्रेड म्हणजे पुन्हा तीच साखळी, फक्त आता ती प्रोफायलरमध्येही (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) नीट दिसत नाही. माझ्या कोडमध्ये फ्रेमच्या मधोमध लॉक दिसला की डेटाची मालकी कुठेतरी ठरवायची राहिली आहे, असं मी समजते आणि तिकडे बघते. जॉबच्या रांगेच्या आत, फाइल वाचताना, लॉगिंगमध्ये लॉक असायला माझी हरकत नाही.

ड्रॉ कॉलच्या ८ मिलिसेकंदांबद्दल. तुम्ही जीपीयूशी बोलायला ओपनजीएल ईएस वापरता असं दिसतं. तिथे एक काँटेक्स्ट (चित्र काढण्याची चालू स्थिती) एका वेळी एकाच थ्रेडचा असतो, म्हणून हे काम वाटता येत नाही. पण ते वेगळ्या रेंडर थ्रेडवर सरकवता येतं: गेम फ्रेम क्रमांक १० मोजत असताना रेंडर थ्रेड क्रमांक ९ पाठवतो. इथे वेगळा थ्रेड योग्य आहे, कारण मधली देवाणघेवाण फ्रेममागे एकदाच, एका बंद यादीची होते. याची किंमत म्हणजे इनपुट ते चित्र यातलं अंतर जास्तीत जास्त एका फ्रेमने वाढतं. ६० फ्रेमला ते १६.७ मिलिसेकंद आहे, ३० ला ३३. चिपवर व्हल्कनचा, म्हणजे जीपीयूशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर चांगला असेल तर अनेक थ्रेडनी आपापले कमांड बफर भरता येतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कमांड पूल मात्र द्या. २०१६ मध्ये व्हल्कन आला त्यामागे ही गरज हे एक मोठं कारण होतं.

फिजिक्स पूर्ण वाटलं जात नाही, त्याची अपेक्षाही ठेवू नका. एकमेकांना टेकलेल्या वस्तूंची बेटं बनतात, आणि वेगळी बेटं वेगळ्या कोअरवर सोडवता येतात. पण पन्नास खोक्यांचा एक ढीग म्हणजे एकच बेट. त्यामुळे लेव्हल बनवणाऱ्यांशी बोलणं हेही समांतरीकरणाचंच काम आहे.

आणि एआय दर फ्रेमला चालवू नका. पहारेकऱ्याने सेकंदाला दहा-पंधरा वेळा विचार केला तरी तो हुशारच वाटतो. पात्रांचे चार गट करा आणि प्रत्येक फ्रेमला एकच गट विचार करू दे. कोणत्याही थ्रेडशिवाय ७ चे पावणेदोन मिलिसेकंद होतात. सहा कोअरवर वाटलंत तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास.

हे सगळं तुमच्या आकड्यांवर लावून पाहते. स्क्रिप्ट ५, ती मी जशीच्या तशी सोडते, कारण तिचं समांतरीकरण करण्यात सर्वांत जास्त चुका होतात. एआय अर्धा मिलिसेकंद. फिजिक्स ८ वरून ४. ॲनिमेशन ७ वरून दीड. दिसणं आणि पार्टिकल ५ वरून १. एकूण साखळी सुमारे १२ मिलिसेकंद, आणि ड्रॉ कॉलचे ८ तिच्या शेजारी चालू. हे कागदावरचं आहे. प्रत्यक्षात मेमरीची गर्दी आणि असमान वाटणी धरून मी १४ ते १५ धरेन. तरीही १६.७ च्या आत.

एकच सावधगिरी, आणि ती मोठी आहे. आठही कोअर सतत भरलेले राहिले की अशा चिपचं तापमान चढतं आणि ती स्वतःच क्लॉक खाली आणते. पहिल्या पाच मिनिटांत १४ मिलिसेकंद दाखवणारी फ्रेम अर्ध्या तासाने २० वर गेलेली मी पाहिली आहे. म्हणून मोजमाप किमान वीस-तीस मिनिटं खेळून, तापलेल्या उपकरणावर घ्या. काम नसताना थ्रेड लूपमध्ये गरगर फिरवत ठेवू नका. काही मायक्रोसेकंद पाहा आणि मग झोपवा. कामकरी थ्रेड आठ न करता सहाच करा, म्हणजे आवाज आणि सिस्टिम यांना जागा राहते. आणि तापल्यावर गेम टिकत नसेल तर ३० फ्रेमवर स्थिर चालवा. २५ ते ५० मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा नेमाने ३० देणारा गेम हाताला कितीतरी चांगला वाटतो.

सुरुवात कुठून करायची, तर पर्फेटो किंवा ट्रेसी यांसारखा प्रोफायलर लावून एका फ्रेमचा सगळ्या थ्रेडचा आलेख काढा आणि त्यातली थांबण्याची ठिकाणं बघा. मग आताचे एआय आणि फिजिक्सचे थ्रेड काढून टाका, गेम पुन्हा एका थ्रेडवर आणा आणि क्रॅश गेले याची खात्री करा. त्यानंतर डेटा सलग करा, आणि पहिला जॉब म्हणून ॲनिमेशन घ्या. एका पात्राची पोज दुसऱ्याच्या पोजवर क्वचितच अवलंबून असते, त्यामुळे तिथे चुकायला जागा सर्वांत कमी आहे. घोड्यावर बसलेला स्वार असेल तर मात्र आधी घोडा आणि मग स्वार असा क्रम लावावा लागेल. ते झाल्यावर नवा आलेख आणि स्क्रिप्टच्या ५ मिलिसेकंदांची फोड इथे टाका. तापलेल्या उपकरणावर ते ५ चे ८ झाले असतील, तर पुढचं सगळं काम स्क्रिप्टवरच करावं लागेल आणि कोअरचा विचार तोवर बाजूला ठेवावा लागेल.